भूछत्राचे कूळ

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने इयत्ता आठवीचा तास माझ्याकडे आला. मी इतिहासाचा शिक्षक. अशा बदली तासाला मुलांना एखादी गोष्ट सांगावी, एखादा उतारा वाचून घ्यावा, हा माझा नेहमीचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र मुलांनी मला विषय निवडू दिला नाही. वसतिगृहाच्या मागे कुजलेल्या ओंडक्यावर उगवलेली भूछत्रे एका मुलीने वहीच्या कागदावर ठेवून वर्गात आणली होती. कुणी म्हणाले, ही कुत्र्याची छत्री, हात लावू नकोस. कुणी म्हणाले, आमच्या गावी वारुळावरची अळंबी खातात. त्या मुलीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "सर, हे झाडात मोडतं की प्राण्यात?"

मी माझ्या शालेय ज्ञानाच्या भरवशावर सांगून टाकले, की बुरशी आणि भूछत्रे या हरितद्रव्य नसलेल्या वनस्पती आहेत. तिने शांतपणे भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले. तिथे कवकांची सृष्टी वनस्पतींपासून वेगळी काढलेली होती. मी म्हणालो, "आमच्या पुस्तकात तर तसंच होतं." त्यावर ती म्हणाली, "मग तुमचं पुस्तक खोटं होतं का, सर?"

या प्रश्नाने मला पुढचे काही महिने वाचायला लावले. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात असे आधी वाटले होते. परंतु त्या मुलीला मी द्यायचे राहून गेलेले उत्तर माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल, असा विचार करून हा विषय घेतला. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सजीवांच्या वर्गीकरणाचा तक्ता पाठ करून भागत नाही, तो तपासावा लागतो. डोळ्यांना दिसणारी शारीरिक लक्षणे आणि पेशीत दडलेली जनुकीय लक्षणे हे त्या तक्त्याचे दोन साक्षीदार होत. या दोघांची उलटतपासणी करणे आपल्या मुलांना आले पाहिजे.

पहिला साक्षीदार फार जुना आहे. ग्रीक विचारवंत थिओफ्रास्टस याने दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी वनस्पतींची झाडे, झुडपे, उपझुडपे आणि रोपे अशी विभागणी केली. उंची आणि खोड पाहून केलेली ही विभागणी आजही आपल्या बोलण्यात आहे. पुढे १७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने 'स्पीशीज प्लँटॅरम' हा ग्रंथ प्रसिद्ध करून सुमारे सहा हजार वनस्पतींना प्रत्येकी दोन शब्दांचे नाव दिले. आपल्या पिंपळाचे 'फायकस रिलिजिओसा' हे शास्त्रीय नाव त्याच ग्रंथातले. लिनियसने फुलांतील पुंकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. ज्यांची फुले दिसतच नाहीत अशा सगळ्यांना त्याने शेवटच्या चोविसाव्या वर्गात टाकले. नेचे, मॉस, शैवाल आणि भूछत्रे अशी ती एकत्र भरती होती. ही मोजणीची सोय आहे, खरे नाते शोधणे अजून बाकी आहे, याची जाणीव स्वतः लिनियसलाही होती.

हे सारे युरोपातील अभ्यासिकांत बसून घडले असा समज करून घेण्याचे कारण नाही. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक फान रीडे याच्या पुढाकाराने १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचे बारा खंड छापले गेले. त्यातील वनस्पतींच्या माहितीचा मोठा भाग इट्टी अच्युतन या वैद्याने सांगितलेला आहे. तो ईळवा समाजातला, म्हणजे तत्कालीन समाजव्यवस्थेने अस्पृश्य ठरवलेला. घराण्यातील ताडपत्रांच्या आधारे त्याने माहिती पुरवली. १६७५ साली त्याने लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील पत्रही त्यात आहे. लिनियसने भारतीय वनस्पतींसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला. पानाचा आकार, सालीचा वास, चिकाचा रंग, फळाची चव ही लक्षणे आधी कुणीतरी रानात हिंडून, हाताने खुडून, जिभेवर ठेवून पाहिलेली असतात. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ज्याचे नाव येते त्याच्यामागे अशी अनेक माणसे उभी असतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

परंतु शारीरिक लक्षण हा साक्षीदार जितका जवळचा, तितकाच फसवाही असतो. आपल्याकडे निवडुंग हा एकच शब्द आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, तो कॅक्टस कुळातला. त्रिधारी निवडुंगाचे कूळ एरंडाचे. दोघांनाही काटे, दोघांचीही खोडे मांसल आणि हिरवी, दोघेही कोरड्या माळावर तगणारे. पाणी साठवण्याची गरज सारखी म्हणून रूप सारखे झाले, नाते मात्र दूरचे राहिले. ओळखायचे कसे? त्रिधारी निवडुंगाला खरवडले की पांढरा चीक येतो, फड्याला तसा येत नाही. फुले पाहिली तर फरक आणखी स्पष्ट होतो. याउलट वड, पिंपळ आणि उंबर यांची पाने एकमेकांसारखी दिसत नाहीत, तरी ती एकाच प्रजातीतली झाडे आहेत, कारण तिघांचीही फुले फळासारख्या दिसणाऱ्या बंद पेल्याच्या आत असतात. 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. उंबर उभे चिरून भिंगाखाली धरले, की दुर्मीळ समजले जाणारे ते फूल शेकड्यांनी दिसते. लक्षण पाहणे पुरेसे नाही, कोणते लक्षण नात्याचे आणि कोणते परिस्थितीचे हे ओळखता आले पाहिजे, हा या दोन उदाहरणांचा धडा.

दुसऱ्या साक्षीदाराची चाहूल विसाव्या शतकात लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतील गुणसूत्रे मोजता येऊ लागली आणि वनस्पतींच्या नात्यांना नवा पुरावा मिळाला. या कामात एका भारतीय स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. थलश्शेरी येथे १८९७ साली जन्मलेल्या ई. के. जानकी अम्माळ यांनी कोईमतूरला उसावर आणि त्याच्या रानटी गवतवर्गीय नातेवाइकांवर संशोधन केले. पुढे सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला, तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. थिय्या समाजातील एका मुलीने मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून हे काम केले, ही गोष्ट आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलीला ठाऊक असावी.

त्यानंतर जनुकांची भाषाच वाचता येऊ लागली. हे वाचन कसे चालते ते मला इतिहासाच्या अभ्यासामुळे चटकन समजले, म्हणून तशाच रीतीने सांगतो. एखाद्या पोथीच्या दहा नकला सापडल्या आणि मूळ पोथी हरवली आहे, असे समजा. प्रत्येक नकलाकाराच्या हातून काही चुका झालेल्या असतात. दोन नकलांत त्याच ओळीत तीच चूक आढळली, तर त्या दोन्ही आधीच्या एकाच सदोष नकलेवरून उतरवल्या गेल्या, असे अनुमान निघते. अशा सामायिक चुका जुळवत गेले की नकलांची वंशावळ तयार होते. डीएनए ही चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली पोथी आहे. पिढ्यान् पिढ्या तिच्या नकला होत आल्या आणि अधूनमधून अक्षरे बदलत गेली. दोन वनस्पतींतील एकच जनुक घेऊन अक्षरांमागून अक्षरे ताडून पाहिली, की कोणते बदल कुणाकुणात सामायिक आहेत ते कळते. जुनाच मजकूर दोघांत टिकून असेल तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. नवा बदल दोघांत सारखा असेल तर नात्याचा पुरावा भक्कम होतो. आता तर ओळख पटवण्यासाठी ठरावीक भाग निश्चित झाले आहेत. वनस्पतींसाठी २००९ साली हरितलवकातील दोन जनुके सुचवण्यात आली, तर कवकांसाठी २०१२ साली 'आयटीएस' नावाचा भाग ठरवण्यात आला.

या दोन साक्षीदारांनी मिळून भूछत्राविषयी काय सांगितले? शारीरिक पुरावा आधीपासून कुजबुजत होता. वनस्पती सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते. भूछत्राला ते जमत नाही. ते आपले पाचकरस बाहेर सोडते, लाकूड वा पालापाचोळा बाहेरच पचवते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. वनस्पतींच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या असतात, कवकांच्या भित्तिकांत कायटिन असते. हेच कायटिन खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचात सापडते. वनस्पती अन्नाचा साठा स्टार्चच्या रूपात करतात. कवके तो ग्लायकोजेनच्या रूपात करतात, जसा आपल्या यकृतात होतो. अशा फरकांकडे पाहून अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ साली पाच सृष्टींची पद्धत मांडली आणि कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. आपल्या मुलांच्या भिंतीवरचा तक्ता तो हाच. पुढे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने एक पाऊल पुढे टाकले. कवके आणि प्राणी यांचा सामायिक पूर्वज वनस्पतींच्या शाखेपासून दूर आहे. दुसऱ्या शब्दांत, ओंडक्यावरचे ते भूछत्र बाजूच्या झाडापेक्षा त्याला हातात धरणाऱ्या मुलीच्या अधिक जवळचे आहे.

असाच धक्का कमळाने दिला. बेंथम आणि हूकर यांच्या ज्या पद्धतीवर भारतातील वनस्पतिशास्त्राच्या कित्येक पिढ्या शिकल्या, तिच्यात कमळ आणि कुमुद एकाच कुळात होते. दोघेही तळ्यातले, दोघांचीही फुले देखणी, असे असता शंका कोण घेणार? जनुकांनी सांगितले की कुमुदाची शाखा सपुष्प वनस्पतींच्या वृक्षावर फार लवकर फुटली, तर कमळाचे जवळचे आप्त काश्मीरचा चिनार आणि आपल्या शहरांत रस्त्याकडेला लावलेला सिल्व्हर ओक हे आहेत. सिल्व्हर ओकही नावापुरताच ओक! हे ऐकून हसू येते. पण मग जुने शारीरिक पुरावे पुन्हा काढून पाहिले, तर तिथेही सुगावा होताच. कमळाच्या परागकणाला तीन खाचा असतात, कुमुदाच्या परागकणाला तशा नसतात. कमळाचे पान गोल आणि पाण्याच्या वर उचललेले असते, कुमुदाचे पान खाच असलेले आणि पाण्यावर टेकलेले असते. कमळाच्या बिया झारीच्या तोंडासारख्या सच्छिद्र पेल्यात बसलेल्या असतात. साक्ष समोर होती, पण आपण तळे पाहत राहिलो. जनुकाच्या आधारे सपुष्प वनस्पतींची अशी फेरमांडणी करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने १९९८ साली पहिला आराखडा मांडला. २०१६ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत ६४ गण आणि ४१६ कुले आहेत.

एखादा पालक विचारील, की कमळाचे नातलग कोण यावाचून माझ्या शेतकऱ्याचे काय अडले आहे? अडले आहे, आणि ते 'करपा' या एका शब्दात अडले आहे. बटाट्या-टोमॅटोवर लवकर येणारा करपा आणि उशिरा येणारा करपा, दोन्हींत पाने करपतात म्हणून नाव एक. पण लवकर येणारा करपा अल्टरनेरिया या खऱ्या बुरशीमुळे होतो. उशिरा येणारा करपा फायटोफ्थोरा या सजीवामुळे होतो. त्याने १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक नासवले आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली. १८७६ साली आन्टोन द बारी यांनी त्याला आजचे नाव दिले. धाग्यांसारखी वाढ आणि बीजाणू पाहून त्याला शंभराहून अधिक वर्षे बुरशीच समजले गेले. प्रत्यक्षात त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहणारे, आणि जनुकांनुसार तो तपकिरी समुद्री शैवालांचा आप्त आहे. भातावरचा करपा पुन्हा खऱ्या बुरशीचा. भाताचाच कडा करपा मात्र जिवाणूचा. म्हणजे एका शब्दाखाली जीवसृष्टीच्या तीन दूरदूरच्या शाखा नांदत आहेत.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार भुरी आणि डावणी हे दोन रोग चांगले ओळखतात. भुरी ही खरी बुरशी, तर केवडा म्हणजेच डावणी हा फायटोफ्थोराच्या गोतावळ्यातला रोग. बुरशीच्या पेशीपटलात लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होऊ न देणारी औषधे भुरीवर चालतात. डावणीचा सजीव ते द्रव्य बनवतच नाही, त्यामुळे ती औषधे तिथे वाया जातात. मेटॅलॅक्झिल डावणीच्या गटासाठी आहे, भुरीला त्याचे काही वाटत नाही. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये डावणीवरच यशस्वी ठरले. ते पेशीवर अनेक ठिकाणी आघात करते, म्हणून कूळ न बघताही बऱ्याच रोगांना आवरते. आणि जिवाणूच्या करप्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे खर्च करून समाधान विकत घेणे. कर्ज काढून फवारणी करणाऱ्याच्या दृष्टीने वर्गीकरण ही चैन नाही, ती पैशाची आणि पिकाची बाब आहे. आपले कितीतरी माजी विद्यार्थी शेती करतात, कृषी सेवा केंद्रे चालवतात. रोगाचे रूप एकच असले तरी त्याचे कूळ विचारा, अशी त्यांना माझी विनंती आहे.

इतके सांगितल्यावर जनुक हाच अंतिम न्यायाधीश, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळावा. दोन जातींचा संकर झाला असेल तर एक जनुक एका घराण्याची आणि दुसरे जनुक दुसऱ्या घराण्याची कहाणी सांगते, म्हणून एकाच जनुकावर विसंबून चालत नाही. शिवाय जनुकाला तोंड द्यायला नमुना लागतो. आजवर नाव दिलेली कवके सुमारे दीड लाख आहेत; प्रत्यक्षात ती २२ ते ३८ लाख असावीत, असा अंदाज २०१७ साली मांडला गेला. मातीतून डीएनए काढला की कितीतरी अनोळखी कवकांच्या खुणा सापडतात. पण ते कवक दिसते कसे, खाते काय, उपकारक की अपायकारक, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. त्यासाठी कुणीतरी ते शोधून, वाढवून, निरखून, जपून ठेवावे लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाने कवकांचे नमुने जपणारा संग्रह आहे, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ पासूनचे ब्लॅटर हर्बेरियम आहे. वाळवून कागदावर चिकटवलेली ती पाने हा इतिहासाच्या दफ्तरखान्याइतकाच मोलाचा पुरावा आहे. जनुकाची अक्षरे वाचणारे यंत्र उद्या आणखी स्वस्त होईल. पण पान हातात घेऊन पाहणारा डोळा घडवायला शाळाच लागते.

पुराव्याची बाब इथे संपते आणि नावाची सुरू होते. नाते पुराव्याने ठरते, पण नाव माणसे बसून ठरवतात. आपल्या बाभळीचे उदाहरण पाहा. तिचे शास्त्रीय नाव आकेशिया निलोटिका असे आम्ही शिकलो. आकेशिया या प्रजातीच्या नावाचा मूळ आधार हीच आफ्रिका-आशियातील बाभूळ होती. जनुकीय अभ्यासाने दाखवले, की आकेशिया नावाखाली अनेक वेगळ्या शाखा कोंबल्या आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. मग मूळ नाव कुणाकडे राहावे? ऑस्ट्रेलियात या नावाच्या सुमारे एक हजार जाती. २००५ साली व्हिएन्ना येथे आणि पुन्हा २०११ साली मेलबर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदांत, अनेकांचा विरोध असताना, ते नाव ऑस्ट्रेलियन गटाला देण्यात आले. आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला, आणि सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आकेशिया राहिली. शाखा वेगळ्या करणे हे शास्त्र होते, नावाचे वाटप हा मतदानाचा निर्णय होता. हे दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत. अशा निर्णयांतून न्यायही होऊ शकतो. २०२४ साली माद्रिदच्या परिषदेने आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांना हिणवणाऱ्या शब्दावरून पडलेली सुमारे दोनशे शास्त्रीय नावे बदलण्याचे ठरवले. नावातील अपमान काय असतो हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

नावाविषयी बोलताना एक शब्द टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती अशी उतरत शेवटी 'जाती' या शब्दावर येऊन थांबते. वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर काय हालचाल होते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. विज्ञानाचा तास तिथे क्षणभर गावात जाऊन येतो. म्हणून शिक्षकाने तिथे थांबून सांगितले पाहिजे, की जीवशास्त्रातील जाती म्हणजे ज्यांच्यात संबंध होऊन प्रजननक्षम संतती होते तो समूह. या कसोटीवर पृथ्वीवरची सगळी माणसे एकाच जातीची आहेत. शारीरिक लक्षणांनी माणसांची प्रतवारी करण्याचा खटाटोप थोरामोठ्यांनीही केला. लिनियसने १७५८ साली माणसाचे रंगावरून प्रकार पाडून प्रत्येकाला स्वभावही चिकटवले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून सामाजिक दर्जाची संगती लावली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात ही मापेच साक्षीला बोलावली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत, असे त्यांतूनच दाखवून दिले. ज्या पुराव्याने आरोप केला, त्याचीच उलटतपासणी त्यांनी केली.

वनस्पतिशास्त्रही या प्रतवारीच्या सवयीतून हळूहळू बाहेर येत आहे. शेवाळ व भूछत्रांना कनिष्ठ आणि फुलझाडांना उच्च म्हणण्याची रीत जुन्या पुस्तकांत होती. जनुकांनी काढलेल्या वंशवृक्षाला फांद्या आहेत, पायऱ्या नाहीत. आजचे भूछत्र आणि आजचा पिंपळ यांचा प्रवास सारख्याच लांबीचा आहे. कुजलेले लाकूड मातीला परत करणारे भूछत्र नसते, तर पिंपळाला माती मिळाली नसती.

आता आपल्या शाळेपुरते बोलतो. प्रयोगशाळेत डीएनए वाचण्याचे यंत्र आणणे आपल्या आवाक्यात नाही, आणि त्याची घाईही नाही. पण तीन गोष्टी आजपासून करता येतील. पहिली, आवारातील प्रत्येक झाडाची व पावसाळ्यातील प्रत्येक भूछत्राची नोंदवही मुलांनी ठेवावी. स्थानिक नाव, पान, फूल, चीक, वास, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव तीत असावे. चव मात्र घेऊ नये. अनोळखी भूछत्र तर मुळीच खाऊ नये. दुसरी, वर्गात लावलेल्या प्रत्येक तक्त्याखाली तो कोणत्या साली, कोणत्या पुराव्यावर तयार झाला आणि नंतर त्यात काय बदलले, हे लिहावे. तारीख नसलेला तक्ता हा धर्मग्रंथासारखा वाचला जातो. तिसरी, गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शेतातील रोगट पाने वाळवून, पिकाचे नाव आणि फवारलेल्या औषधाची नोंद करून पाठवावीत. चांगली भिंगे आणि एक बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक, एवढ्या साहित्यावर मुले भुरी आणि डावणी यांतला फरक स्वतः शोधून काढतील. ज्यांना आर्थिक मदत करायची आहे त्यांनी या साहित्याचा विचार करावा, ही नम्र सूचना.

त्या मुलीला मी अखेर उत्तर दिले, दिवाळीच्या सुटीनंतर. मी म्हणालो, "आमचं पुस्तक खोटं नव्हतं, पण ते अपुऱ्या साक्षीवर निकाल देऊन मोकळं झालं होतं, आणि आम्हीही उलट विचारलं नाही." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग सर, या तक्त्यातलं काय चुकलंय?" मी तिला फायटोफ्थोरा, तपकिरी शैवाल, भूछत्रे आणि प्राणी यांच्याविषयी जे वाचले होते ते सांगितले. तिने वहीत तारीख घालून ते लिहून घेतले. त्या नोंदीखाली तिने दोन ओळी कोऱ्या सोडल्या, पुढे काही बदलले तर लिहायला.